आपल्या नावाची चौकशी कोणी केली?

(दृश्य: झेरॉक्सचे दुकान. काउंटरवर उघडे पाकीट, यंत्राच्या काचेवर पालथे ठेवलेले पॅनकार्ड.)

तालुक्याच्या गावात एसटी स्थानकासमोर असे एखादे दुकान असतेच. कोणाला सिमकार्ड घ्यायचे असते, कोणाला मुलाच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा असतो, कोणाचे पतसंस्थेत कर्जप्रकरण चाललेले असते. प्रत्येकजण पॅन आणि आधार काउंटरवर ठेवतो, दोन-दोन प्रती घेतो आणि निघून जातो. वाकडी निघालेली प्रत बाजूच्या खोक्यात पडते आणि प्रिंटसाठी फोनवरून पाठवलेली फाइल दुकानाच्या संगणकात तशीच राहते. दुकानदाराच्या मनात काही वाईट नसते, पण ज्या दोन कागदांवर आज कर्ज मिळते ते कागद मालकाच्या हातून सुटलेले असतात.

कागद हाती लागावा लागतो असेही नाही. मार्च २०२३ मध्ये दिल्ली पोलिसांनी पाच जणांना अटक केली. महेंद्रसिंग धोनी, अभिषेक बच्चन यांच्यासारख्या नामवंतांच्या नावे त्यांनी पुण्यातील एका वित्तीय कंपनीकडून क्रेडिट कार्डे मिळवली होती. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्यांची सुरुवात इंटरनेटवर सहज दिसणाऱ्या जीएसटी क्रमांकांपासून झाली. या १५ अक्षरांच्या क्रमांकात पहिली दोन स्थाने राज्याची असतात, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा स्थाने म्हणजे त्या व्यक्तीचा पॅन जसाच्या तसा. जन्मतारखाही इंटरनेटवरच मिळाल्या. नाव आणि क्रमांक नामवंताचा, छायाचित्र मात्र स्वतःचे, अशी बनावट ओळखपत्रे तयार केल्यामुळे व्हिडिओवरून पडताळणी झाली तेव्हा चेहरा जुळला. कंपनीचे २१ लाखांहून अधिक रुपयांचे नुकसान झाल्यावर प्रकरण उघडकीला आले. ज्यांच्या नावावर हे सारे चालले होते, त्यांच्याकडे कोणी काही विचारायला गेलेच नव्हते.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर पतमाहिती अहवाल. कॅमेरा हळूहळू ‘चौकशी’ या भागावर स्थिरावतो.)

बँक असो वा मोबाइल ॲपवरून कर्ज देणारी कंपनी, अर्ज हाती आला की ती सहसा प्रथम अर्जदाराचा पतमाहिती अहवाल, म्हणजे त्याची कर्जे आणि त्यांची परतफेड यांची नोंद, मागवते. बोलीभाषेत आपण याला सरसकट ‘सिबिल बघणे’ म्हणतो. वास्तविक देशात अशा नोंदी ठेवणाऱ्या चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. यांपैकी कोणाकडूनही अहवाल मागवला गेला की त्या कंपनीच्या नोंदीत चौकशी करणाऱ्या संस्थेचे नाव, तारीख, कर्जाचा प्रकार आणि रक्कम उमटते. आपल्या नावाने दुसऱ्याच कोणी अर्ज केला असेल, तर त्याचे पहिले पाऊल येथेच उमटलेले असते. पूर्वी हे पाऊल दिसायचे तेव्हा फार उशीर झालेला असायचा. हप्ता थकायचा, वसुलीवाल्याचा फोन यायचा, किंवा मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेल्यावर अधिकारी सांगायचा की तुमच्या नावावर आधीच एक थकीत कर्ज आहे.

रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ रोजी काढलेल्या निर्देशांमुळे यात मोठा बदल झाला. कर्जदात्या संस्थेने एखाद्याचा अहवाल पाहिला की पतमाहिती कंपनीने त्या व्यक्तीला एसएमएस किंवा ईमेलने तसे कळवणे बंधनकारक झाले, आणि हप्ता थकल्याची माहिती या कंपन्यांना पाठवताना बँकेनेही कर्जदाराला कळवणे आवश्यक ठरले. अंमलबजावणीसाठी सहा महिन्यांची मुदत होती. म्हणजेच जे इशारे मिळवण्यासाठी काही जण दरमहा पैसे मोजत होते, त्यांतला सर्वांत मोलाचा इशारा आता प्रत्येकाचा हक्क आहे.

हा इशारा कर्ज अडवत नाही, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत आपला अहवाल गोठवून ठेवण्याची, म्हणजे नव्या कर्जदात्याला तो पाहताच येऊ नये अशी, सोय २०१८ पासून विनामूल्य आहे आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी ती अवश्य वापरावी. इशारा मात्र केवळ वेळ देतो. गृहकर्ज किंवा वाहनकर्ज असेल तर चौकशी आणि रक्कम हाती पडणे यांत काही दिवस जातात, आणि तेवढ्यात खऱ्या मालकाचे एक लेखी पत्र प्रकरण थांबवू शकते. ॲपवरच्या छोट्या कर्जात हे अंतर काही मिनिटांचे असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये अनेकांना आपल्या पॅनवर कोणीतरी परस्पर कर्ज काढल्याचे आढळले. अभिनेत्री सनी लिओनी यांनीही तशी जाहीर तक्रार केली होती आणि त्यांच्या बाबतीत रक्कम होती अवघी २,००० रुपये. असे पहिले कर्ज इशाऱ्याने बहुधा थांबणार नाही. पण एकदा चाललेला पॅन भामटा एकदाच वापरून थांबेल असे कोणी गृहीत धरू नये. दुसरे आणि तिसरे कर्ज रोखणे ही याच इशाऱ्याची खरी कामगिरी आहे.

(दृश्य: अहवालातील संपर्काचा भाग. एकाखाली एक तीन मोबाइल क्रमांक.)

हे निवेदन लिहिताना मी माझा स्वतःचा अहवाल मागवला. माझी सर्व कर्जे बरोबर होती, कोठेही अनोळखी नाव नव्हते, आणि मी समाधानाने तो मिटणार होतो. तेवढ्यात संपर्काच्या भागाकडे लक्ष गेले. तेथे तीन क्रमांक होते. एक चालू, एक जुन्या नोकरीतला, आणि एक मी कित्येक वर्षांपूर्वी बंद केलेला. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दूरसंचार कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. माझ्या नावाची चौकशी झाल्याचा निरोप कोणा परक्या माणसाच्या फोनवर जाऊन पडला असता आणि त्याने तो पुसून टाकला असता. नियमातच म्हटले आहे की मोबाइल क्रमांक किंवा ईमेल उपलब्ध असेल तेथे इशारा पाठवावा. तो उपलब्ध क्रमांक आपला आहे का, हे आपल्यालाच पाहावे लागते. भामटा अर्जात स्वतःचा क्रमांक लिहितो आणि तोही कर्जदात्यामार्फत आपल्या नोंदीत येऊन बसू शकतो. म्हणून अहवालात अनोळखी क्रमांक किंवा पत्ता दिसणे ही अनोळखी कर्जाइतकीच गंभीर गोष्ट मानली पाहिजे.

चार कंपन्यांचाही एक परिणाम आहे. कर्ज देणाऱ्याने एकाच कंपनीकडे चौकशी केली, तर इशारा तेवढ्या एकीकडूनच येतो. प्रत्येक कंपनीने वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यायचा असल्यामुळे दर तीन महिन्यांनी एकेकीचा मागवला, तर वर्षभर नजर राहते. आपला अहवाल आपणच पाहिल्याने पतगुणांक, म्हणजे आपली पत दाखवणारा आकडा, घसरत नाही. ही भीती अनेकांच्या मनात असते आणि ती निराधार आहे.

अनोळखी चौकशीचा एसएमएस आला, तर त्यातील दुव्यावर बोट ठेवू नये, कारण असे खोटे इशारेही पाठवता येतात. पतमाहिती कंपनीचे संकेतस्थळ स्वतः उघडून नोंद खरी आहे का ते पाहावे, अर्ज आपला नसल्याचे कर्जदात्या संस्थेला त्याच दिवशी ईमेलने कळवावे, पतमाहिती कंपनीकडे हरकत नोंदवावी आणि सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. दुसऱ्याची ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली तीन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. चुकीची नोंद ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळायला हवी, आणि तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पतमाहिती कंपन्या १ सप्टेंबर २०२२ पासून लोकपाल योजनेच्या कक्षेत आल्या आहेत.

(दृश्य: टेबलावर ठेवलेला फोन. पडदा उजळतो.)

माझा जुना क्रमांक नोंदीतून काढण्यासाठी मी बँकेत जाऊन अर्ज दिला आणि पतमाहिती कंपनीकडेही दुरुस्तीची मागणी नोंदवली. त्यानंतर काही आठवड्यांनी घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज मागायला मी एका बँकेत गेलो. अधिकाऱ्याने माझा पॅन संगणकात भरला, आणि मी त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसलेलो असतानाच माझ्या खिशातला फोन वाजला. माझ्या नावाची चौकशी झाली होती, आणि ती मीच करवली होती.