दोन बटणांचा बेसबॉल

पडद्यावर ठेंगणा, गोलमटोल पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) दिसतो तो ‘आर.बी.आय. बेसबॉल’ या व्हिडिओ गेममध्ये. अमेरिकेत निन्टेंडोच्या एनईएस या, टीव्हीला जोडून खेळायच्या कन्सोलवर हा गेम 1988मध्ये आला. त्याचा जन्म मात्र जपानमधला. नामको कंपनीने डिसेंबर 1986मध्ये फॅमिकॉमसाठी, म्हणजे एनईएसच्याच जपानी रूपासाठी, ‘प्रो याक्यू फॅमिली स्टेडियम’ काढला होता, आणि त्याचाच सांगाडा घेऊन अटारी गेम्सच्या टेंगेन या शाखेने त्याला अमेरिकन खेळाडूंची नावे दिली. घरगुती कन्सोलवर बेसबॉल त्याआधीही होता. निन्टेंडोचा स्वतःचा ‘बेसबॉल’ 1983चा. परंतु त्यात मैदानात गेलेल्या चेंडूमागे धावण्याचे काम यंत्रच करी, आणि खेळणाऱ्याच्या हाती चेंडू कोणत्या बेसकडे (धावपटूच्या थांब्याकडे) फेकायचा एवढाच निर्णय उरे. ‘आर.बी.आय.’मध्ये फिल्डरही (क्षेत्ररक्षकही) आपणच पळवायचे असतात, आणि झेल सुटला तर तो यंत्राच्या माथी मारता येत नाही.

कंट्रोलरवर दिशादर्शक फुली आहे आणि ‘ए’ व ‘बी’ ही दोन बटणे आहेत. एवढ्या सामग्रीवर अख्खा बेसबॉल बसवायचा होता, आणि तो बसवताना रचनाकारांनी दाखवलेली हुशारी आजही कौतुक करावी अशी आहे. थ्रो करताना फुलीचा उजवा हात म्हणजे पहिला बेस, वरचा म्हणजे दुसरा, डावा म्हणजे तिसरा आणि खालचा म्हणजे होम प्लेट, बॅटर उभा राहतो ती जागा. मैदानाचा चौकोन अंगठ्याखालीच मांडलेला असल्यामुळे नियमपुस्तिका उघडावी लागत नाही. पिचिंगची मांडणीही अशीच सुटसुटीत आहे. खाली दाबून ‘ए’ दाबले की चेंडू वेगाने सुटतो, वर दाबून ‘ए’ दाबले की संथ जातो, आणि तो हवेत असतानाच फुली डावीकडे किंवा उजवीकडे दाबून त्याला वळवता येते. हे शेवटचे वास्तवात कोणत्याही पिचरला शक्य नाही. एकदा हातातून सुटलेल्या चेंडूवर त्याची सत्ता संपते. परंतु दोन माणसे शेजारी बसून खेळत असतील तर या खोटेपणातच खरी मजा आहे, कारण चेंडू प्लेटपाशी पोहोचेपर्यंत पिचरचा डाव संपलेला नसतो आणि बॅटरलाही हे ठाऊक असते. बॅटर आपल्या चौकटीत पुढेमागे सरकतो, पिचर ते पाहून शेवटच्या क्षणी चेंडू बाहेर नेतो, आणि ‘ए’ दाबून बॅट फिरवायची की नाही हा बॅटरचा निर्णय सेकंदाच्या एका लहानशा तुकड्यात घ्यावा लागतो.

तो तुकडा किती लहान आहे, हे समजण्यासाठी यंत्राच्या आत डोकावावे लागते. एनईएस सेकंदाला सुमारे 60 चित्रे दाखवते, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला साधारण 16.7 मिलिसेकंद येतात. तिचा प्रोसेसर 1.79 मेगाहर्ट्झचा आहे आणि कामाची स्मृती अवघी 2 किलोबाइट. पडद्यावर हलणारी प्रत्येक आकृती स्प्राइट नावाच्या छोट्या तुकड्यांची बनते. असे तुकडे एका वेळी 64च मांडता येतात, आणि एका आडव्या रेषेवर तर केवळ 8. बेसबॉलसारख्या खेळाला हा हिशेब फारच जाचक आहे. क्षेत्ररक्षणाला नऊ जण, एक बॅटर, बेसवर तीन धावपटू, वर चेंडू. आणि यांतला प्रत्येक माणूस अनेक तुकडे जोडून उभा केलेला. एका रेषेवर आठांपेक्षा जास्त तुकडे आले की नववा काढलाच जात नाही. मग प्रोग्रामर दर चित्रागणिक तुकड्यांचा क्रम फिरवत राहतात, म्हणजे प्रत्येकाला आळीपाळीने दिसण्याची संधी मिळते आणि कोणीच कायमचा गायब होत नाही. जुन्या गेममध्ये गर्दी झाली की माणसे लुकलुकतात ती यामुळे. बघणाऱ्याला तो बिघाड वाटतो. प्रत्यक्षात ती नाइलाजातून काढलेली, आणि चांगली काढलेली, तोड आहे.

टंचाई केवळ यंत्रात नव्हती, कागदपत्रांतही होती. टेंगेनने खेळाडूंच्या संघटनेकडून परवाना घेतला होता, मेजर लीग बेसबॉल या संघांच्या व्यावसायिक लीगकडून नव्हे. त्यामुळे रॉजर क्लेमेन्स किंवा नोलन रायन अशा पिचरांची खरी नावे गेममध्ये आली, पण रेड सॉक्स, अ‍ॅस्ट्रोज ही संघांची नावे येऊ शकली नाहीत. नुसते बॉस्टन, ह्यूस्टन असे लिहून भागवावे लागले. संघ एकूण दहा: 1986 आणि 1987च्या प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेरीत) पोहोचलेले आठ, आणि मेजर लीगमधल्या अमेरिकन व नॅशनल या दोन्ही लीगचा निवडक खेळाडूंचा एकेक ऑल-स्टार संघ. पुढे 1994मध्ये सुपर निन्टेंडो या पुढच्या कन्सोलवर केन ग्रिफी ज्युनियर या बेसबॉलपटूच्या नावाचा गेम आला तेव्हा नेमके उलटे घडले. तिथे संघ खरे होते आणि खरा खेळाडू एकटा ग्रिफी. बाकीची सगळी नावे बनावट.

खऱ्या नावांमुळे या गेमला जो रंग चढला तो सेंट लुइसच्या व्हिन्स कोलमनकडे पाहिले की कळतो. 1985, 1986 आणि 1987 या सलग तीन हंगामांत कोलमनने प्रत्येकी शंभरावर बेस चोरले होते, म्हणजे चेंडू फटकावला जाण्याची वाट न पाहता पुढचा बेस गाठला होता. गेममध्ये त्याचा वेग इतका ठेवला आहे की तो पहिल्या बेसवर पोहोचला की समोरच्या खेळणाऱ्याचा अंगठा आपोआप फुलीच्या वरच्या हातावर जातो. पिचरने संथ चेंडू टाकला तर कोलमन दुसरा बेस गाठतोच. वेगवान टाकला तर चेंडू कोणत्या क्षणी येणार हे बॅटरला आधीच कळते. एका धावपटूच्या पायांमुळे पिचरच्या हातातला एक पर्यायच काढून घेतला जातो, आणि असे घडणे हा तर अस्सल बेसबॉल आहे. आकडेवारीने खच्चून भरलेल्या नंतरच्या कितीतरी गेमना हे इतक्या नेमकेपणाने साधले नाही, असे माझे मत आहे.

या गेमची कार्ट्रिज, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायची गेमची डबी, दोन रंगांत सापडते. राखाडी आहे ती निन्टेंडोच्या परवान्याने निघालेली. काळी आहे ती टेंगेनने निन्टेंडोशी फारकत घेऊन, कन्सोलमधील, विनापरवाना गेम अडवणाऱ्या कुलूप-चिपला चकवणारी स्वतःची चिप बसवून काढलेली. त्यावरून झालेला खटला 1992मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे निन्टेंडोची बाजू वरचढ ठरली. खेळ दोन्ही कार्ट्रिजवर तोच आहे. कन्सोलचा लाल दिवा सारखा उघडझाप करू लागला तर बहुतेक वेळा दोष रंगाचा नसून मळलेल्या संपर्कपट्ट्यांचा असतो. त्यांवर फुंकर मारण्याची सवय सर्वांनाच असते, परंतु तोंडातील ओलावा त्या धातूला अपायच करतो. कापसाच्या काडीवर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसणे अधिक चांगले.

खरी अडचण टीव्हीची आहे. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर कन्सोलमधून आलेला संकेत आल्या आल्याच प्रकाश होऊन दिसतो. आजचा सपाट टीव्ही तो आधी साठवतो, मोठा करतो, आणि पुष्कळदा या कन्सोलच्या 240 रेषांच्या चित्राला अर्ध्या-अर्ध्या रेषांचे जुने प्रक्षेपण समजून ते सांधण्याच्या खटपटीला लागतो. एवढ्यात 50 मिलिसेकंद गेले तरी तीन चित्रे मागे पडलीच. बॅटरला चेंडू दिसतो तिथे तो नसतोच. तो तीन चित्रे पुढे निघून गेलेला असतो, आणि अचूक वेळी फिरवलेली बॅटही उशिरा फिरते. पहिल्या इनिंगमध्ये (डावात) तीनही बॅटर हात हलवत परत गेले म्हणून लगेच आपल्या वयाला दोष देऊ नये. टीव्हीवर गेम मोड असेल तर तो आधी सुरू करावा, जुन्या कन्सोलसाठीच बनवलेला रूपांतरक मिळाला तर तो मध्ये जोडावा, आणि तरीही विलंब उरला तर वेगवान चेंडूला बॅट थोडी लवकर फिरवावी. संथ चेंडूला हीच घाई नडते, आणि समोरचा पिचर हे ओळखणारा असेल तर तो पुढचा चेंडू फुली वर दाबूनच टाकतो.