द्राक्षांच्या गावातून वाचलेली इंग्रजी कविता

श्रोतेहो, नमस्कार. बारावीचा निकाल लागला की सांगली-साताऱ्याकडच्या अनेक घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो: मुलीने बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेतले, तर पुढे काय? नोकरीचा विचार करणे योग्यच आहे. परंतु मला आज त्याआधीच्या प्रश्नाविषयी बोलायचे आहे. तीन-चार वर्षे इंग्रजी साहित्य शिकायचे म्हणजे नेमके करायचे काय?

मी स्वतः हा अभ्यास सुरू केला तेव्हा माझे उत्तर सोपे होते. बाजारातले गाइड आणायचे, त्यातली उत्तरे पाठ करायची आणि परीक्षेत उतरवायची. इंग्रज कवी जॉन कीट्सच्या ‘टू ऑटम’ या कवितेवर मी असेच उत्तर लिहिले. निसर्गप्रेम, इंद्रियसंवेदना, सौंदर्यदृष्टी असे सगळे जड शब्द त्यात होते आणि गुणही चांगले मिळाले. आमच्या सरांनी मात्र मला बोलावून घेऊन विचारले, “तुझ्या घरी तासगावला द्राक्षबाग आहे ना? या कवितेच्या पहिल्याच कडव्यात द्राक्षवेल आहे. तुझ्या उत्तरात ती कुठे गेली?” मला काहीच बोलता आले नाही, कारण मी कविता वाचलेलीच नव्हती, मी वाचले होते ते कवितेविषयी दुसऱ्याने लिहिलेले.

ही कविता १८१९ सालच्या सप्टेंबरातली, म्हणजे कीट्स पंचविशीच्याही आत होता तेव्हाची. अकरा-अकरा ओळींची तीन कडवी, एवढाच तिचा विस्तार. आपण ‘ऑटम’ला सहज ‘शरद’ म्हणून मोकळे होतो आणि तिथेच घोटाळा होतो. आपला शरद म्हणजे पाऊस सरल्यानंतरचे निरभ्र आकाश आणि कोजागरीचे चांदणे. कवितेतला ऋतू धुक्याचा आहे, फळांत रस भरण्याचा आहे आणि त्याच्या पाठीमागे कडाक्याचा हिवाळा उभा आहे. तासगावला त्या महिन्यात वेलीवर घड नसतात; फळछाटणी व्हायची असते आणि द्राक्षे हाती येतात ती संक्रांतीनंतर. मात्र वेलीला माल किती पेलेल, मण्यांत पाणी केव्हा भरते, हे तिथल्या मुलांना घरातच कळलेले असते. शेवटच्या थेंबापर्यंत सफरचंदाचा रस गळताना तासन्‌तास पाहत बसलेला कवितेतला तो ऋतू, गुऱ्हाळावर रात्र काढलेल्या मुलाला कोणत्याही टीपेवाचून समजतो. हे ज्ञान अभ्यासक्रमाबाहेरचे समजून आपण वर्गाच्या दाराशी काढून ठेवतो, याचे मला मनापासून दुःख होते.

पूर्वीच्या लोकांनी ते बाहेर ठेवले नव्हते. कराडजवळच्या टेंभूत १८५६ साली जन्मलेल्या आगरकरांनी शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ मराठीत आणले ते ‘विकारविलसित’ या नावाने, आणि आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरचे नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांनी शेक्सपिअरच्याच ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ करून तो मराठी रंगभूमीवर उभा केला. नाटकातले प्रत्येक वाक्य मराठी माणसाच्या तोंडी कसे बसेल, याचा विचार केल्याशिवाय असे काम होत नाही, आणि तो विचार म्हणजेच बारकाईने केलेले वाचन.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे, की कविता आधी मोठ्याने वाचा. आपल्या गणवृत्तांत लघु-गुरूंचा, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ उच्चाराच्या अक्षरांचा, हिशेब असतो, तर इंग्रजी छंद शब्दातल्या आघातावर चालतो. शार्दूलविक्रीडितासारखी वृत्ते म्हणण्याचा सराव असलेल्या कानाला हा फरक दोन-चार वाचनांत जाणवू लागतो. त्यानंतर कवितेचा स्वतःच्या मराठीत अनुवाद करा. जी ओळ मराठीत येत नाही, ती बहुधा आपल्याला समजलेलीच नसते. उत्तर लिहायचे ते अगदी शेवटी, आणि त्यात ‘कवीने सुंदर वर्णन केले आहे’ असे वाक्य आले, तर कोणत्या शब्दामुळे ते सुंदर झाले, हे पुढच्याच वाक्यात दाखवा. दाखवता आले नाही, तर ते वाक्य खोडून टाका. इंग्रजी चुकेल, क्रियापदाचे रूप चुकेल. ते दुरुस्त करता येते. दुसऱ्याच्या वाक्यांची सवय लागली, तर ती सुटायला फार वर्षे लागतात, हे मी अनुभवाने सांगतो.

सरांनी विचारल्यानंतर त्या रात्री मी पहिले कडवे मराठीत उतरवायला बसलो. सूर्य आणि ऋतू संगनमत करून वेलींवर फळांचा भार घालतात आणि त्यांना आशीर्वादही देतात, अशा अर्थाची ती ओळ आहे. ‘भार’ लिहिले तर ओझे वाटते, ‘बहर’ लिहिले तर वजन जाते. वडिलांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “वेल लगडली म्हण.” तो शब्द मी वहीत लिहून ठेवला, आशीर्वादासाठीचा शब्द मात्र मी अजूनही शोधतो आहे.