बळी कोणाला म्हणायचं?

मंडळी, सुरुवात एका शब्दापासून करतो, कारण हे व्याख्यान तयार करताना मी तिथेच अडखळलो. आजचा विषय आहे 'दहशतवादाच्या बळींचं स्मरण आणि त्यांना आधार'. आता मराठीत बळी जातो तो माणूस मेलेलाच असतो. 'स्फोटात वीस बळी' हे वाचल्यावर एकविसावा, ज्याचा पाय गेला तो, आपल्या डोळ्यांपुढे येतच नाही. तो 'जखमींवर उपचार सुरू आहेत' या ओळीत विरघळून जातो. मेलेल्याला आधार देणार तरी कसा? शिवाय बळी म्हटला की तो कोणीतरी कशासाठी तरी दिलेला असतो. म्हणजे मारणाऱ्याचीच भाषा आपण उचलली. 'पीडित' म्हणावं तर तो जन्मभर पीडितच. मी आज आपलं साधं 'झळ बसलेली माणसं' म्हणणार आहे. शब्द ढोबळ आहे, चालवून घ्या.

या माणसांसाठी संयुक्त राष्ट्रांनी २१ ऑगस्ट हा दिवस ठरवला. ठराव २०१७ च्या डिसेंबरात झाला, पहिला दिवस पाळला २०१८ मध्ये. गंमत बघा, दहशतवाद म्हणजे नेमकं काय, यावर त्याच सभागृहात सर्व देशांचं आजही एकमत नाही. कराराचा मसुदा वर्षानुवर्षं अडून आहे. पण झळ कोणाला बसली, हे ओळखायला व्याख्या लागत नाही, इतपत तरी सगळ्यांना पटलं.

पण हे स्मरण आंतरराष्ट्रीय कशाला हवं? ज्याचं त्याने आपापल्या देशात करावं की. या प्रश्नाला माझं उत्तर म्हणजे 'कनिष्क' विमान. २३ जून १९८५. मॉन्ट्रियलहून लंडनमार्गे दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं हे विमान आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बने फुटलं. ३२९ माणसं गेली. त्यातली बहुसंख्य कॅनडाची नागरिक, मुळं भारतातली. आणि कॅनडाच्या पंतप्रधानांनी सांत्वनाचा फोन केला तो भारताच्या पंतप्रधानांना! स्वतःची माणसं गेली आणि शोक शेजारच्या घरी कळवला. बॉम्ब चढला कॅनडातून. कट तिथेच शिजला. तरी त्या कुटुंबांना त्यांच्या सरकारच्या तोंडून माफी ऐकायला पंचवीस वर्षं थांबावं लागलं. २०१० मध्ये निवृत्त न्यायाधीश जॉन मेजर यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि त्याच महिन्यात पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी जाहीर माफी मागितली.

मधल्या काळात त्यांची आठवण कोणी ठेवली? आयर्लंडच्या किनाऱ्यावर अहाकिस्ता नावाचं चिमुकलं गाव आहे. या प्रवाशांशी त्याचं ना रक्ताचं नातं, ना भाषेचं. तिथे समुद्राकडे तोंड करून एक छायाघड्याळ उभारलंय, सावलीवर वेळ दाखवणारं. दर २३ जूनला नातेवाईक येतात आणि गावकरी त्यांच्याबरोबर उभे राहतात. ठरावबिराव नंतरचे. माझ्या लेखी आंतरराष्ट्रीय स्मरण म्हणजे हे.

तसंच स्कॉटलंडमधलं लॉकरबी. डिसेंबर १९८८ मध्ये पॅन अॅम या अमेरिकी कंपनीचं विमान बॉम्बने फुटून गावावर कोसळलं, २७० जण गेले, त्यातले ११ गावातलेच. मैलोन्‌मैल कपडे विखुरलेले. चिखलाने, इंधनाने, रक्ताने माखलेले. तिथल्या बायकांनी ठरवलं, हे असे पाठवायचे नाहीत. पुराव्यासाठी लागत नव्हते ते कपडे त्यांनी धुतले, वाळवले, इस्त्री केले, घड्या घालून घरोघरी पाठवायला तयार केले. ज्या बाईचं स्वतःचं गाव जळालंय, ती परक्या मुलाच्या सदऱ्याची कॉलर सरळ करतेय. समुपदेशनावरच्या कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा मला हे जास्त कळतं.

तरी नुसत्या मायेवर भागत नाही. उपचारांचे खर्च असतात, नोकरी जाते, कोर्टाच्या तारखा पडतात. १९८३ च्या डिसेंबरात पॅरिसमधल्या एका उपाहारगृहात स्फोट झाला. तिथे नवऱ्याबरोबर जेवायला गेलेल्या फ्रांस्वाज रुदेत्स्की यांच्या पायांची वाताहत झाली. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया; उपचारांत चढवलेल्या रक्तातून एचआयव्हीची लागणही झाली. या बाईंनी संघटना काढली आणि सरकारच्या इतकं मागे लागल्या की १९८६ मध्ये फ्रान्सने कायदा करून भरपाईचा निधी उभारला. त्याची युक्ती मला फार आवडते. मालमत्तेच्या प्रत्येक विमा करारावर थोडीशी रक्कम कापून घ्यायची. घराचा, गाडीचा विमा काढणारा प्रत्येक जण त्यात काही युरो टाकतो, बहुतेकांना पत्ताही नसतो. आरोपी सापडेपर्यंत, शिक्षा होईपर्यंत थांबावं लागत नाही. आणि स्फोट फ्रान्समध्ये झाला असेल तर तुमचा पासपोर्ट कुठला, हे विचारलं जात नाही. हा शेवटचा मुद्दा मी मुद्दाम सांगतोय. परक्या देशात जखमी झालेल्या प्रवाशाला ना तिथले नियम माहीत, ना भाषा, आणि मायदेशी परतला की दोन्ही सरकारं एकमेकांकडे बोट दाखवतात.

पैसे वाटणंही सोपं नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेने निधी काढला तेव्हा मृताची कमाई धरून आकडे ठरले. बँकेतल्या साहेबाच्या घरी जास्त, भांडी घासणाऱ्याच्या घरी कमी. वाटप करणारे केनेथ फाइनबर्ग स्वतःच नंतर म्हणाले, की पुन्हा असं करायची वेळ आली तर सर्वांना सारखं द्यावं.

आणि झळ त्या दिवशीच बसते असंही नाही. मनोऱ्यांची धूळ छातीत गेलेल्यांचे आजार वर्षांनी वर आले. ढिगारा उपसणारे, शेजारी राहणारे, तिथल्या शाळांत बसलेली मुलं. म्हणून बंद झालेला निधी पुन्हा उघडावा लागला आणि २०१९ मध्ये त्याची मुदत वाढवली. अर्ज करण्याची शेवटची तारीख आता १ ऑक्टोबर २०९० आहे. त्या सकाळी मॅनहॅटनमध्ये जन्मलेलं बाळ तेव्हा ८९ वर्षांचं असेल.