राफ्ट रडारला दिसतो का?

नमस्कार श्रोतेहो. बोट बुडाली, माणसं लाइफ राफ्टवर, म्हणजे हवा भरलेल्या रबरी तराफ्यावर, आहेत आणि वरून शोधविमान चाललंय. त्या विमानाच्या रडारला राफ्ट दिसेल का? याची चाचणी कशी घेतात, ते आज सांगतो.

त्याआधी बेली पती-पत्नींची हकिगत ऐकाच. ४ मार्च १९७३. मॉरिस आणि मॅरलिन पॅसिफिक महासागरात गॅलापागोस बेटांकडे निघालेले. पहाटे देवमाशानं धडक दिली, बोटीला भोक पडलं आणि बघता बघता ती बुडाली. उरला एक राफ्ट आणि त्याला बांधलेली हवेची छोटी होडी. संदेश पाठवायला रेडिओ नाही. डब्यातलं अन्न संपल्यावर मॅरलिननं सेफ्टी पिनांचे गळ केले. मासे, कासवं, समुद्रपक्षी, जे हाती लागेल ते कच्चंच खाल्लं. या काळात सात जहाजं गेली. सात! यांनी फ्लेअर, म्हणजे इशाऱ्याच्या मशाली, पेटवले, कपडे हलवले, पण एकही थांबलं नाही. ३० जूनला कोरियाचं मासेमारी जहाज 'वोल्मी ३०६' आलं. तेही पुढे निघून गेलं होतं, पण वळून परत आलं आणि दोघं वाचली.

उघड्या डोळ्यांना राफ्ट असा निसटतो, आणि रडारचंही फार वेगळं नाही. रबरातून रडारच्या लहरी जवळजवळ आरपार जातात. परत येतं ते मुख्यतः आतल्या माणसांवरून, आणि तेही लाटांच्या प्रतिध्वनीत, म्हणजे लाटांवर आपटून परतणाऱ्या लहरींत, बुडून जातं. म्हणून चाचणीत राफ्ट रिकामा सोडायचा नाही. रिकामा राफ्ट वाऱ्यानं उलटतो आणि निकालही खोटा येतो. माणसांच्या वजनाइतक्या खाऱ्या पाण्याच्या पिशव्या आत ठेवायच्या, राफ्ट नांगरायचा, आणि जागा रडारवाल्याला सांगायची नाही. पुन्हा सांगतो, जागा सांगायची नाही. ठाऊक असलेल्या जागी माणसाला ठिपका दिसतोच! विमान समांतर फेऱ्या मारतं. प्रत्येक फेरीला राफ्ट किती अंतरावर होता, दिसला की हुकला, लाटा किती उंच, वारा कुठला, सगळं टिपायचं. हुकलेली फेरीही मोजायची, कारण दोन फेऱ्यांमध्ये किती अंतर ठेवायचं ते त्यावरूनच ठरतं. वाऱ्याच्या तोंडाकडे बघताना लाटांचा गोंधळ सर्वांत जास्त, म्हणून दिशा बदलून उडायचं.

आता हिशेब ऐका. राफ्टचा प्रतिध्वनी १६ पट वाढला, तर पल्ला, म्हणजे राफ्ट जितक्या लांबून दिसतो ते अंतर, फक्त दुप्पट होतो. तरीही ३० सेंटिमीटर कडांचा कोनी परावर्तक, म्हणजे रडारच्या लहरी आल्या दिशेला परत फेकणारे पत्रे, मोठा फरक पाडतो. मात्र त्याचे पत्रे एकमेकांशी काटकोनात हवेत. वाकलेल्या पत्र्याचा उपयोग फार कमी.

त्याहून चांगला सार्ट, म्हणजे राफ्टवर ठेवायचं बचावासाठीचं छोटं प्रक्षेपक यंत्र. तो ३ सेंटिमीटर लहरींच्या रडारला स्वतः उत्तर देतो आणि पडद्यावर १२ ठिपक्यांची रांग उमटते. तो पाण्यापासून किमान एक मीटर उंच धरा. आणि सार्ट चालू असताना परावर्तक लावू नका, तो सार्टच्या लहरी अडवतो.