तिसरं पेडल आणि टॉर्कचं गणित

नवी स्पोर्ट्स सेडान आली की शौकिनांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मॅन्युअल आहे का? नाही म्हटलं की चेहरे पडतात. मग कुणीतरी समजूत घालतं, ‘अहो, ऑटोमॅटिकच आता जास्त पळतं.’ ते खरंच आहे. पण मॅन्युअल मागणाऱ्याला वळणाआधी स्वतः गिअर उतरवायचा असतो, ब्रेकवर पाय असतानाच टाचेने ॲक्सिलरेटर टोचून इंजिनचे फेरे जुळवायचे असतात. अर्धा सेकंद वाचवायला तो आलेलाच नसतो.

मॅन्युअल न देण्याचं दुसरं कारण सांगतात ते टॉर्कचं, म्हणजे इंजिनाच्या फिरवणाऱ्या जोराचं. ते जरा तपासून पाहू. क्लच किती टॉर्क पेलेल, हे चार गोष्टींवर ठरतं: घर्षणाचा गुणांक, प्रेशर प्लेटचा (क्लचची प्लेट दाबून धरणाऱ्या तबकडीचा) दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणारे पृष्ठभाग. गुणांक ०.३, त्रिज्या १० सेंटिमीटर आणि एकच प्लेट, म्हणजे दोन पृष्ठभाग, असं धरा. ५५० न्यूटनमीटरसाठी सुमारे ९,२०० न्यूटन दाब लागतो, ६५० साठी १०,८००. म्हणजे जवळजवळ अकराशे किलोचा भार, आणि पंचवीसेक टक्के राखीव ठेवायचे ते वेगळेच. दाब कमी पडला तर वरच्या गिअरमध्ये जोर दिल्यावर फेरे चढतात, गाडी मात्र तेवढी पळत नाही, प्लेट जळते. दाब वाढवला तर ट्रॅफिकमध्ये डावा पाय भरून येतो.

बीएमडब्ल्यूच्या जी८० (हा पिढीचा सांकेतिक क्रमांक) एम३मध्ये हीच रेघ दिसते. साधी एम३: ४८० पीएस (जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर), ५५० न्यूटनमीटर, सहा गिअरचा मॅन्युअल. जास्त ताकदीची कॉम्पिटिशन आली तेव्हा: ५१० पीएस, ६५० न्यूटनमीटर, फक्त ऑटोमॅटिक.

पण मग कॅडिलॅकचं काय? सीटी५-व्ही ब्लॅकविंगचा टॉर्क ८९० न्यूटनमीटरच्या घरात, तरीही तिच्यात ट्रेमेक कंपनीचा सहा गिअरचा मॅन्युअल मिळतो. उपाय सरळ आहे: दोन प्लेटचा क्लच. पृष्ठभाग चार झाले की तेवढ्याच टॉर्कला निम्मा दाब पुरतो. तेव्हा ‘जमत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘परवडत नाही’ म्हणणं जास्त प्रामाणिक. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या प्रत्येक जोडीची प्रदूषण चाचणी वेगळी करावी लागते. शिवाय पुढची गाडी थांबली की आपोआप थांबून पुन्हा निघणारा क्रूझ कंट्रोल क्लचच्या गाडीत नीट बसत नाही. क्लच दाबायला कुणी नसेल तर इंजिन बंद पडणार. मोजक्या गिऱ्हाइकांसाठी हा खटाटोप कोण करणार?

गिऱ्हाइकांनी रेटा लावला तर करतात. बीएमडब्ल्यूचीच व्ही१० इंजिनाची ई६० एम५ आली ती सात गिअरच्या एसएमजीसह, म्हणजे क्लच पेडल नसलेल्या, यंत्रानेच क्लच दाबणाऱ्या गिअरबॉक्ससह. अमेरिकेत ओरड झाली आणि २००७च्या मॉडेलपासून त्या बाजारात सहा गिअरचा मॅन्युअल आला. दिला, पण हात राखून: सुरुवातीला त्या गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) पूर्ण बंदच करता येत नव्हता! पुढच्या एफ१० एम५लाही उत्तर अमेरिकेत मॅन्युअल मिळाला. २०१७च्या एफ९०पासून मात्र फक्त आठ गिअरचा ऑटोमॅटिक.

आपल्या चाकणमध्ये बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसचंही तसंच. २०२२मध्ये दीड लिटरचं १५० पीएसचं इंजिन फक्त डीएसजी या दोन क्लचच्या ऑटोमॅटिकसह आलं, मॅन्युअल आला तो २०२३मध्ये. उलट स्कोडाची २०२५ची ऑक्टाव्हिया आरएस भारतात आली ती शंभरच, सगळ्या डीएसजी. शंभर गाड्यांसाठी कुणी वेगळा गिअरबॉक्स आणणार नाही, तिथे रुसण्यात अर्थ नाही.

‘ऑटोमॅटिक घेऊन नंतर बदलू’ हा विचार करणाऱ्यांनी आधी यादी करावी. गिअरबॉक्स, फ्लायव्हील, क्लच आणि रिलीज बेअरिंग, पेडल असेंब्ली, मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर, गिअर लिव्हर व त्याचं लिंकेज, बहुधा वेगळ्या लांबीचा प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्सचे माउंटिंग. एवढं बसवूनही ईसीयूचं (गाडीच्या संगणकाचं) कोडिंग राहिलं तर तो जुना ऑटोमॅटिक शोधत बसतो, डॅशवर दिवे लागतात आणि गाडी लिम्प मोडमध्ये जाते, म्हणजे ताकद कमी करून कशीबशी चालते. म्हणून कोडिंग करून देणारा माणूस आधी गाठा, सुटे भाग नंतर.