शिसपेन्सिल, हिरा आणि अर्धवाहक

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘सुवाहक, दुर्वाहक आणि अर्धवाहक’. तिथे पोहोचतो, पण आधी एका पेन्सिलीबद्दल बोलू द्या.

सातवीत होतो. वडिलांनी पुण्याच्या तपकीर गल्लीतून टॉर्चचा बल्ब, होल्डर आणि थोडी तार आणून दिली होती. दोन सेल लावायचे, तारेची दोन टोकं मोकळी ठेवायची आणि घरातली एकेक वस्तू त्यात धरायची. चमचा, किल्ली, खोडरबर, आजीची तांब्याची पळी. आजी पळी द्यायला तयार नव्हती. देवाची होती ना. पळीने बल्ब लख्ख लागला तेव्हा मात्र तिने स्वतःहून ताम्हन पुढे केलं!

मग एक पेन्सिल उभी चिरली. आतली काळी कांडी अख्खी धरली तर बल्बची तार जेमतेम लालसर. एक टोक हळूहळू दुसऱ्याकडे सरकवलं, तसतसा उजेड वाढत गेला. तो नारिंगी ठिपका आजही मला जसाच्या तसा दिसतो.

सहामाहीत वर्गीकरण करा असा प्रश्न आला, दोन रकाने: वीज सहज वाहू देणारे सुवाहक आणि न वाहू देणारे दुर्वाहक. मी ‘कार्बन’ सुवाहकांत लिहिला, कंसात ‘शिसपेन्सिल’. लाल फुली! कार्बन अधातू, अधातू दुर्वाहक, विषय संपला. मी पेन्सिल आणि सेल घेऊन गेलो, तर बाई म्हणाल्या, ‘पुस्तकात आहे तसं लिहायचं.’ राग बाईंवर नाही, साठ मुलांच्या वह्या होत्या त्यांच्यापुढे. राग त्या दोन रकान्यांवर आहे. (जाता जाता, शिसपेन्सिलीत शिसं नसतंच. ते ग्रॅफाइट आणि माती यांचं मिश्रण.)

गंमत अशी की हिराही कार्बनच, आणि हिरा पक्का दुर्वाहक. ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक अणूच्या चार बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपैकी तीन शेजारच्या तीन अणूंशी बांधलेले, चौथा थरात हिंडायला मोकळा. हिऱ्यात चारही बांधलेले. म्हणजे मूलद्रव्याचं नाव पाहून रकाना ठरत नाही. अणूंची मांडणी पाहावी लागते.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. तर मूळ विषय भराभर सांगतो.

चांदी सगळ्यात उत्तम वाहक, मग तांबं. चांदी आणि काच यांच्या रोधकतेत, म्हणजे वीज अडवण्याच्या गुणात, एकावर अठरा शून्यं किंवा त्याहूनही जास्त अंतर आहे. मध्ये सिलिकॉन, जर्मेनियम. त्यांना आपण ‘अर्धवाहक’ म्हणतो आणि मुलांना वाटतं, तांब्याच्या निम्मी वीज जात असेल. अजिबात नाही! शुद्ध सिलिकॉन तांब्यापेक्षा अब्जावधी पटींनी कमी वाहतो.

खरी खूण तापवल्यावर कळते. तांबं तापलं की विरोध वाढतो, अंशाला साधारण ०.४ टक्के. शुद्ध सिलिकॉन तापला की विरोध घटतो. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेला हे १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये, म्हणजे चांदी आणि गंधकाच्या संयुगात, दिसलं होतं. कारण असं: बांधलेल्या इलेक्ट्रॉनला सुटायला ऊर्जा लागते. सिलिकॉनमध्ये सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक), हिऱ्यात सुमारे ५.५. सिलिकॉनमध्ये नुसत्या खोलीच्या उष्णतेनेही थोडे सुटतात, हिऱ्यात जवळपास कुणीच नाही. तांब्यात मुळातच मोकळे असतात. उष्णतेने अणू जास्त थरथरतात आणि या मोकळ्या इलेक्ट्रॉनांची वाट अडते.

आणि दुसरी खूण: सिलिकॉनच्या दहा लाख अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू मिसळा, वाहकता लाखो पटींनी वाढते. वाहकता अशी हवी तेवढी ठरवता येते म्हणून तर आपल्या खिशातला फोन चालतो. म्हणून माझं म्हणणं, मुलांना ‘किती वाहतो’ याबरोबर ‘तापवल्यावर काय करतो, मिसळल्यावर काय करतो’ हेही विचारा.

वेळ संपली. चिरलेली पेन्सिल, सेल आणि बल्ब पहिल्या रांगेत देतोय, हळूहळू मागे जाऊ द्या. घरी करून पाहाल तर सेलवरच, भिंतीतल्या प्लगला हात लावायचा नाही. दिवे जरा मंद करता का? तार कांडीवर सावकाश सरकवा.