टेराच्या खतावणीत काय दिसत होतं

(पडद्यावर: इथरस्कॅनचं पान. एकच व्यवहार उघडलेला.)

7 मे 2022. इथेरियम या ब्लॉकचेनच्या घड्याळात शनिवारची रात्र, आपल्याकडे रविवारची पहाट. खतावणीत, म्हणजे चेनवरच्या सगळ्यांना उघड्या हिशेबवहीत, एक नोंद पडते. वर व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, त्याखाली वेळ, मग पाठवणाऱ्याचा पत्ता: 42 अक्षरांचा, अंक आणि इंग्रजी अक्षरं एकमेकांत मिसळलेली. शेवटी रक्कम. कुणीतरी साडेआठ कोटी यूएसटी देऊन यूएसडीसी, म्हणजे डॉलरशी बांधलेलं दुसरं डिजिटल नाणं, घेतलं आहे. नाव नाही, गाव नाही. पण रक्कम, वेळ आणि पत्ता जगातल्या कुणालाही बघता येतो. लॉगिन लागत नाही, पैसे पडत नाहीत.

यूएसटी हे दक्षिण कोरियाच्या डो क्वॉन यांच्या टेराफॉर्म लॅब्ज या कंपनीचं, तिच्या टेरा या ब्लॉकचेनवरचं नाणं. किंमत कायम एक डॉलर राहील, असं त्याचं आश्वासन. तिजोरीत मात्र तितके डॉलर नव्हते. आधार होता लूना या दुसऱ्या नाण्याचा. एक यूएसटी परत केला की एक डॉलर किमतीचे लूना नव्याने तयार होऊन हातात पडायचे.

यूएसटी घेऊन लोक करत काय होते? याचं उत्तर त्या शनिवारच्या कितीतरी आधी चेनवर लिहिलेलं होतं. बाजारात 1,800 कोटींहून जास्त यूएसटी होते आणि त्यातले जवळपास तीन चतुर्थांश एकाच ठिकाणी पडून होते. अँकर या योजनेत. त्याने कुणी भाजी घेत नव्हतं, घरी पैसे पाठवत नव्हतं. अँकरमध्ये वर्षाला साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास व्याज मिळायचं, त्यासाठी ते ठेवलेले होते.

(पडद्यावर: अँकरच्या ठेवी आणि कर्जं, दोन रेषांचा आलेख.)

इथे जरा थांबूया, कारण कुठलाही क्रिप्टो प्रकल्प तपासायचा तर मी सगळ्यात आधी हेच बघेन: दिला जाणारा पैसा येतो कुठून. अँकरच्या ठेवी किती, कर्जं किती, राखीव निधीत उरलंय किती, तिन्ही आकडे उघडे होते. मे महिन्याच्या सुरुवातीला ठेवी होत्या सुमारे 1,400 कोटी डॉलरच्या. कर्जं साधारण 300 कोटींची. आपल्या तालुक्याच्या पतसंस्थेने असा ताळेबंद मांडला असता, तर वार्षिक सभेत सभासदांनी चेअरमनला खाली बसू दिलं नसतं. 300 कोटींच्या कर्जावर 1,400 कोटींच्या ठेवींचं व्याज भागवताय कसं?

कर्जदारांनी तारण ठेवलेल्या नाण्यांवरचं उत्पन्न मिळवलं तरी ते भागत नव्हतं. तूट राखीव निधीतून भरली जात होती. फेब्रुवारी 2022 मध्ये त्या निधीत 45 कोटी यूएसटी नव्याने घालावे लागले. घालणारी संस्था होती लूना फाउंडेशन गार्ड, म्हणजे टेराच्याच घरातली. निधी पुन्हा आटू लागला आणि तो कसा आटतोय हे रोज दिसत होतं. ज्यांनी बघितलं त्यांनी तेव्हाच इशारे दिले होते. पण नाण्याची किंमत चढत असताना ताळेबंद कोण वाचतो?

पुढचं सगळं आठवड्याभरात झालं. यूएसटी डॉलरच्या खाली घसरला, लोक तो परत करून लूना घेऊ लागले, लूना विकले जाऊ लागले. लूना जितका स्वस्त, तितके जास्त लूना छापावे लागणार. सुमारे 34 कोटी असलेली लूनाची संख्या साडेसहा लाख कोटींवर गेली. दोन्ही नाण्यांची मिळून जवळपास 4,000 कोटी डॉलरची किंमत पुसली गेली. त्यात अनेकांच्या आयुष्यभराच्या बचती होत्या.

(पडद्यावर: वॉलेटचे पत्ते, त्यांना जोडणाऱ्या रेषा.)

अफवा पसरली की एका बलाढ्य शत्रूने ठरवून टेरा पाडलं. मेअखेरीस नान्सेन या कंपनीने चेनवरचे व्यवहार एकेक करून जुळवले. मोठ्या हालचाली करणारी सात वॉलेटं सापडली. एकटा हल्लेखोर ही कहाणी त्यांना पटली नाही. त्या साडेआठ कोटींच्या व्यवहाराच्या थोडंच आधी टेराफॉर्मने स्वतः त्याच पूलमधून, म्हणजे नाण्यांची अदलाबदल जिथे होते त्या सामाईक साठ्यातून, 15 कोटी यूएसटी काढून घेतल्याचंही खतावणीत दिसतं. पूल उथळ झालेला असताना तो धक्का बसला. ऑन-चेन तपासाची ताकद ही. कुणाच्या मुलाखतीची वाट बघावी लागत नाही.

आता त्याच टेराने दाखवलेली दुसरी बाजू. ती मला जास्त महत्त्वाची वाटते.

लूना फाउंडेशन गार्डकडे 80,394 बिटकॉइन होते. संकटात ते वॉलेटमधून निघाले. एलिप्टिक या कंपनीने माग काढला, तो जेमिनी आणि बायनान्स या एक्सचेंजांच्या दारापर्यंत गेला. पुढे अंधार. एक्सचेंजच्या आत नाणी कुणी कुणाला विकली, ते त्यांच्या खासगी हिशेबात असतं, चेनवर नाही.

मे 2021 मध्येही यूएसटी डॉलरखाली घसरला होता आणि सावरला होता. यंत्रणा आपोआप सावरली, असं सांगितलं गेलं. तेव्हा एका ट्रेडिंग कंपनीने कोट्यवधींचे यूएसटी गुपचूप विकत घेतले होते, हे पुढे अमेरिकेच्या एसईसी या शेअर बाजार नियामकाच्या खटल्यातून बाहेर आलं.

आणि चाय. कोरियातलं हे पेमेंट अ‍ॅप टेरावर चालतं, रोजची खरेदी टेरावर नोंदली जाते, असा दावा होता. चेन उघडून बघणाऱ्याला खरंच व्यवहार दिसायचे. एसईसीचा आरोप असा, की पैसे नेहमीच्या मार्गानेच जात होते आणि त्या व्यवहारांची नक्कल टेरावर उतरवली जात होती. एप्रिल 2024 मध्ये मॅनहॅटनच्या ज्युरीने टेराफॉर्म आणि क्वॉन या दोघांना फसवणुकीसाठी जबाबदार धरलं. ऑगस्ट 2025 मध्ये क्वॉन यांनी फौजदारी खटल्यातही गुन्हा कबूल केला.

म्हणून एखादा प्रकल्प 'आमच्याकडे लाखो सक्रिय पत्ते आहेत' असं सांगतो, तेव्हा आकडा खरा असला तरी पुढे विचारावं लागतं. एक माणूस दुपारभरात हजार वॉलेटं उघडू शकतो. या पत्त्यांमध्ये पहिला पैसा कुठून आला? सगळ्यांना एकाच वॉलेटने भरलंय का? व्यवहाराचं शुल्क वापरणारा स्वतःच्या खिशातून देतोय, की प्रकल्पच बक्षीस म्हणून परत करतोय? बक्षीस बंद झालं त्या आठवड्यात किती पत्ते उरले? याची उत्तरं बहुतेकदा चेनवर मिळतात, फक्त एक पान मागे जाऊन बघावं लागतं. चायच्या बाबतीत मात्र तेवढ्यानेही भागलं नसतं. तिथली खरी गोष्ट कोर्टात, कागदपत्रं आणि साक्षींमधून उलगडली.